साडेचार मिलिमीटर

नव्या पेठेत, भांड्यांच्या दुकानामागल्या बोळात
ईरण्णाचं दुकान. कॅरमबोर्ड, पॅड, शिट्ट्या,
आणि काचेखाली चार पिस्तुलं
एका कुशीवर झोपलेली.

"नातवाला का, अक्का?"
नाही.
"मग माकडं हाकलायला? विडी घरकुलाकडं लई झालीत म्हणे."
मलाच पाहिजे. नेम धरायला.
त्यानं हसू गिळलं, आधारची झेरॉक्स मागितली
आणि काच सरकवली.

पहिलं उचललं ते लोखंडी.
मनगट लगेच बोललं.
एकतीस वर्षं जेकार्डची कार्डं पंच केलीत या हातानं,
त्याला विचारल्याशिवाय मी आता घागरसुद्धा घेत नाही.

दुसरं हलकं. मूठ प्लॅस्टिकची, थोडी खरबरीत,
मांजराच्या जिभेसारखी.
"सातशे ग्रॅम," ईरण्णा म्हणाला.
म्हणजे आमच्या हिशेबात दोन मोठे टॉवेल, कोरडे.
"साडेचार मिलिमीटरचा छर्रा. लायसन लागत नाही.
पण रस्त्यात काढून दाखवू नका कुणाला."
दाखवते कशाला. पिशवीत खाली ते, वर शेंगाचटणी,
त्यावर कोथिंबिरीची जुडी,
आणि रिक्षा अक्कलकोट रोडकडं.

दिराचा कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली.
माग भंगारात गेले. फरशीत बोल्टांची भोकं राहिली,
चार चार, ओळीनं.
वॉचमन यल्लप्पा दाराच्या सावलीत स्टूल टाकून बसला,
मी मागच्या भिंतीला खोकं लावलं,
आत चिंध्या दाबल्या, किनारीच किनारी,
पुढं कागद. दहा पावलं मोजली.

नळी खाली मोडायची. छर्रा घालायचा. मिटवायची.
मोडायलाच जोर लागतो खरा;
बाकी आवाज म्हणाल, तर
कुणीतरी शेजारच्या खोलीत ताट ठेवल्याएवढा.

पहिला कुठं गेला माहीत नाही.
दुसरा खोक्याच्या कोपऱ्याला.
"लागलं बघा!" यल्लप्पा म्हणाला.
तिसरा भिंतीत. पोपडा पडला.
"लागलं!"
गप रे बाबा.

लहानपणी गड्ड्यात फुगे फोडायला उभी राहिले होते एकदा.
बंदुकीची नळीच वाकडी होती, असं अप्पा म्हणाले, तेलुगूत,
दुकानदाराला कळू नये म्हणून.
आज नळी सरळ आहे.
त्यामुळं बोलणार कुणाला?

बावीसच्या पुढं कागदावर यायला लागले.
एक भोक इथं, एक तिथं, दोन जोडून.
आणि मला सवयीनं भीती वाटली:
चुकीचं भोक.
एक भोक चुकलं की पाकळीत धागा उडायचा,
तीनशे टॉवेल सेकंडात, मास्तर पगारातून कापायचा.
मी कागदाजवळ गेले. बोट घातलं भोकात.
कोणतंच फूल यातून निघणार नव्हतं.
कुणाला दाखवायचं नव्हतं, धुऊन बघायचं नव्हतं.
परत आले आणि जरा वाईटच मारले चार,
मुद्दाम.

कागद संपले तेव्हा
माळ्यावर जुन्या कार्डांची चळत सापडली.
शाईत माझाच आकडा, १९९७, मोराची किनार.
एक कार्ड टाचलं.
घामानं डोळे चुरचुरत होते, बाहेर बेचाळीस असणार.
श्वास अर्धा सोडला. बोट दाबलं.

ताट ठेवल्याचा आवाज.

जाऊन बघते तर कार्डाला नवं भोक नाही.
दोनदा मोजली, ओळ धरून, पूर्वी मोजायची तशी.
होती तेवढीच.
भिंत बघितली, फरशी बघितली, तिथंही काही नाही.
मग खोकं उपसलं
तर चिंध्यांत, चार बोटं आत,
छर्रा. अजून कोमट.

"लागलं का?" यल्लप्पानं विचारलं,
पहिल्यांदाच विचारलं.

मी कार्ड उजेडात धरून
अजून बघतेच आहे.